ट्रॉली ढकलते तेव्हा

दिवाळी सरली की सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, फळ्यांच्या वर उंच रचलेला ऊस. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन, मागचं ओझं पंधरा-वीस टन. गाडी किती वेगाने न्यायची, याचं निम्मं उत्तर या हिशेबातच आहे.

ओढायला ट्रॅक्टर समर्थ आहे, थांबवायला नाही. त्याचे ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना असतात आणि ट्रॉल्यांना सहसा नसतातच. ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉल्या त्याला पाठीमागून ढकलतात. सरळ रस्त्यावर हा धक्का निभावतो. वळणावर मात्र गाडी हुकापाशी मुरडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. वेग १५ चा ३० झाला की अंगातला जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. रिकाम्या ट्रॉल्या आणताना आलेला अंदाज भरल्या गाडीला लावू नये तो यासाठीच. माझ्या मते, भरल्या जोडट्रॉल्यांनी मोकळ्या, सपाट रस्त्यावरही ताशी २० च्या वर जायचं कारण नाही.

उताराला डिझेल वाचावं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय अनेकांना आहे. ही सवय जीव घेते. इंजिनाचा आवर सुटला की वीस टनांना धरायला दोन चाकांचे ब्रेक उरतात, आणि तेही तापत जातात. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. गिअर उताराच्या आधीच टाकावा. मध्येच क्लच दाबला, तर गिअर पुन्हा पडेलच असं नाही. शेतात चटकन वळता यावं म्हणून डाव्या-उजव्या ब्रेकची पेडल वेगळी असतात. डांबरीवर येताना ती खटक्याने जोडली नाहीत, तर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. मागची ट्रॉली शेपटासारखी हलू लागली, तर जोरात ब्रेक मारू नये. रेस सोडावी, स्टिअरिंग सरळ धरावं.

हळू जाणाऱ्याने दिसलंही पाहिजे. ताशी १८ ने चाललेल्या ट्रॉलीमागे ८० ने मोटारसायकल आली, तर मधलं अंतर सेकंदाला १७ मीटरने तुटतं. हेडलाइटच्या उजेडात ट्रॉली ५० मीटरवर दिसली, तर हातात तीन सेकंद. लोंबत्या उसाने मागचा दिवा झाकला असेल, तर तेवढेही नाहीत.

मग घाई कशासाठी? भाडं टनावर मिळतं, म्हणून खेपा वाढवाव्या लागतात. आणि बऱ्याच ठिकाणी साखर कारखान्याच्या यार्डात आधी पोहोचेल त्याचा नंबर आधी. २० किलोमीटरच्या वाटेवर २० ऐवजी ३० ने पळवून वाचतात २० मिनिटं. पुढे काट्यासमोरच्या रांगेत तासन् तास जातात. कारखान्यांनी नंबर गाडी फडातून सुटतानाच लावावा आणि मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वाहतुकीलाच लावू नये. एवढं या हंगामापासून कराच.