एक रस्ता, दोन रेषा

बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता चंदगड तालुक्यातून जातो. नकाशात असे मोठे रस्ते पुष्कळदा रंगीत पट्टा व त्याच्या दोन्ही कडांना काळ्या रेघा अशा रीतीने दाखवतात. संगणकावर असा रस्ता काढायला किती रेषा लागतील? तीन, असे तुम्ही म्हणाल. वास्तविक दोनच पुरतात, आणि त्या दोन्ही एकाच मार्गावर चढवता येतात.

व्हेक्टर चित्रात रेषा ठिपक्यांच्या रूपात साठवलेली नसते. ती कोणत्या बिंदूंतून व कशी वळत जाते, एवढेच गणित साठवतात. हा झाला मार्ग. त्याला जाडी नाही, रंगही नाही. ते मागाहून द्यायचे. दिलेली जाडी मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पसरते.

समजा, मार्गावर प्रथम ६ मिमी जाडीची काळी रेषा चढवली आणि तिच्यावर ४ मिमी जाडीची पिवळी. मधला काळा भाग झाकला जाईल व प्रत्येक कडेला (६ − ४) ÷ २ = १ मिमी काळी रेघ उरेल. क्रम उलटा केला, तर पिवळी रेषा दिसणारच नाही!

मग दोन स्वतंत्र रेषा एकमेकींवर ठेवल्या तर? दिसायला चित्र तेच. पण घाटातले एक वळण दुरुस्त करायचे झाले, की दोन्ही रेषा तंतोतंत सारख्या वळवाव्या लागतील. एक विसरली, की नकाशा चुकला.

इलस्ट्रेटरमध्ये एकाच मार्गाला अनेक रेषा देता येतात. मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये मार्गाचे दोन क्लोन करतात. मूळ मार्गाला स्वतःचा रेषारंग व जाडी न ठेवता ती प्रत्येक क्लोनला वेगळी देतात. मूळ मार्ग वळवला, की दोन्ही क्लोन आपोआप वळतात.

आता फाट्याचा विचार करा. एक रस्ता पुरा करून मग दुसरा काढला, तर दुसऱ्याची काळी कड पहिल्याला आडवी येते. जणू रस्त्यात भिंतच! म्हणून आधी सर्व रस्त्यांच्या काळ्या रेषा आणि नंतर सर्व पिवळ्या रेषा काढाव्यात.

संगणक नसला तरी हे पडताळता येईल. काळ्या कागदाच्या ६ सेंमी व पिवळ्या कागदाच्या ४ सेंमी रुंद अशा दोन दोन पट्ट्या कापा आणि दोन्ही क्रमांनी फाटा मांडून पाहा.