बॉल पायथनचं पिल्लू खात नाही? आधी त्याला बीळ द्या

बॉल पायथन हा अजगर मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळांत नाहीतर वाळवीच्या वारुळांत दडून असतो. म्हणूनच मोठ्या, उघड्या काचपेटीत पिल्लू बिथरतं, उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही. पेटीच्या उबदार आणि गार अशा दोन्ही टोकांना, अंग चहूबाजूंनी टेकेल इतके अरुंद डबे ठेवा. मोकळी जागा पालापाचोळ्याने भरा. उबदार बाजू 31-32 अंश सेल्सिअस हवी. नवीन आणल्यावर आठवडाभर हात लावू नका (मोह होतो, मलाही झाला होता!). मग संध्याकाळी, दिवे मालवून, फ्रीजरमधला छोटा उंदीर वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने डब्याच्या तोंडाशी धरा. नाही घेतला तर पाच-सात दिवस थांबा. रोज उंदीर नाचवलात तर ते आणखीच घाबरतं.