पॉइंट टेबलवर न दिसणारी पोरं

मोठ्यांच्या लीगचं टेबल तर सगळेच बघतात. खरी गंमत आहे ती खालच्या, मिसरूड फुटलेल्या पोरांच्या लीगमध्ये!

प्रीमियर लीगचं पॉइंट टेबल तोंडपाठ असणारे आपल्याकडे ढिगाने सापडतील. कोण कितव्या नंबरवर, कोणाचा गोल फरक किती, सगळं पाठ. पण त्याच क्लबच्या अठरा वर्षांखालच्या संघाचं काय चाललंय असं विचारा, की सगळे एकमेकांकडे बघतात. मी मात्र आधी तेच टेबल बघतो. कारण साधं आहे. मी मँचेस्टर युनायटेडवाला. २०२४-२५ मध्ये आमचा मुख्य संघ चक्क पंधरावा आला, प्रीमियर लीग सुरू झाल्यापासूनची सगळ्यात खालची जागा. अशा वर्षात माणसाने आशा शोधायची तरी कुठे?

आधी फंडा समजून घ्या

इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबच्या अकादमींचे मुख्यतः दोन संघ लीग खेळतात. अठरा वर्षांखालच्यांची लीग उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत असते आणि दोन्ही गटांचे विजेते राष्ट्रीय विजेतेपदासाठी भिडतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे एकवीस वर्षांखालच्यांची ‘प्रीमियर लीग २’. २०२३-२४ मध्ये तिथे २६ संघांचं एकच टेबल आलं. प्रत्येकाला २० सामने आणि पहिल्या सोळांना प्ले-ऑफ. याशिवाय बाद पद्धतीचा एफए यूथ कप असतो, तो वेगळाच.

जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. हिशोब मोठ्यांसारखाच. फरक एवढाच, की इथला कोच जिंकता जिंकता आपला सगळ्यात चांगला खेळाडू गमावतो. पोरगं चमकलं की वरच्या संघाचं बोलावणं येतं आणि खालचा संघ लंगडा होतो. त्यामुळे इथे घसरलेला नंबर कधी कधी चांगली बातमी असते!

रेल्वेवाल्यांचा क्लब

१८७८ मध्ये न्यूटन हीथ इथल्या रेल्वे कामगारांनी हा क्लब काढला. १९०२ मध्ये दिवाळखोरीच्या तोंडावरून परत आला आणि मँचेस्टर युनायटेड झाला. १९३१ मध्ये पुन्हा खिसा रिकामा! तेव्हा जेम्स गिब्सन या उद्योजकाने क्लब वाचवला. खेळाडू विकत घेण्यापेक्षा घरीच घडवावेत, हा विचार त्याच दशकात मुरला. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत घरचा किमान एक खेळाडू आहे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा सलग ४००० सामन्यांचा टप्पा पार झाला. मधे एक महायुद्ध होऊन गेलं, बॉस!

एफए यूथ कप सुरू झाला १९५२-५३ मध्ये. त्या पहिल्याच मोसमात युनायटेडच्या पोरांनी नँटविचला २३-० असं धुतलं आणि पहिले पाचही कप घरी आणले. मॅट बझ्बी यांच्या या पोरांना जग ‘बझ्बी बेब्ज’ म्हणू लागलं. पुढचं सांगताना आवाज खाली येतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. सगळ्यात गुणी समजला जाणारा डंकन एडवर्ड्स हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस झुंजला. वय वर्षं २१. त्या विमानातून वाचलेल्या बॉबी चार्लटनने दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, युरोपियन कप उचलला. सोबतीला होता जॉर्ज बेस्ट, १९६४ च्या यूथ कप विजेत्या संघातला.

हरलेली बॅच

‘क्लास ऑफ ९२’ची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल यांनी क्रिस्टल पॅलेसला हरवून यूथ कप जिंकला. पण मला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट जास्त आवडते. १९९३ मध्ये बेकहॅम होता, बट होता, पॉल स्कोल्स आणि दोघे नेव्हिल बंधूही होते. आणि हा संघ फायनलमध्ये लीड्सकडून दोन सामन्यांत मिळून ४-१ असा हरला! सहा वर्षांनी ट्रेबल कोणी जिंकली, हे सांगायला नकोच.

आता २०११ ची विजेती बॅच बघा. पॉल पोग्बा, जेसी लिंगार्ड आणि रॅव्हेल मॉरिसन. यातला मॉरिसन सगळ्यात प्रतिभावान असं अनेकांचं मत होतं. फायनलच्या दुसऱ्या सामन्यात त्याने दोन गोल मारले. पण वर्षभरात तो क्लबबाहेर होता आणि पुढे क्लब बदलत राहिला. पोग्बा २०१२ मध्ये किरकोळ भरपाईवर गेला आणि २०१६ मध्ये तब्बल ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणावा लागला. अठराव्या वर्षीचा रँक म्हणजे आयुष्याचा रँक नव्हे. बारावीच्या मार्कांवरून छळलं गेलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायची गरज आहे का?

पैशाचं गणित

आता खरी गोची. बाहेरून पाच कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर दर वर्षी एक कोटी खर्चात पडतात. विकताना उरलेली रक्कम वजा करून नफा निघतो. घरच्या पोराची पुस्तकी किंमत मात्र शून्य. विकला की सगळीच्या सगळी रक्कम नफा! त्यामुळे खर्चाचे नियम कडक झाले तसे क्लब आधी घरचीच पोरं विकायला काढू लागले.

२०२२ चा यूथ कप फायनल बघायला ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,४९२ लोक आले होते. त्या संघातले गार्नाचो आणि मेनू यांनी २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये एकेक गोल मारून मँचेस्टर सिटीला हरवलं. दोघंही तेव्हा एकोणीस-वीसच्या आतले! पण ऑगस्ट २०२५ मध्ये गार्नाचो चार कोटी पौंडांना चेल्सीला विकला गेला. लहानपणापासून क्लबमध्ये वाढलेला स्कॉट मॅकटॉमिनी २०२४ मध्येच नापोलीला गेला आणि पहिल्याच मोसमात इटलीचा विजेता आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. ताळेबंद सुधारला असेल, पण स्टँडमधल्या माणसाचं काय? आपल्या गल्लीतलं पोरगं म्हणून तो ज्याच्यासाठी ओरडतो, तोच आधी विकायला निघतो.

२०२३-२४ मध्ये मुख्य संघ आठवा आला, तेव्हा अठरा वर्षांखालच्या पोरांनी उत्तर गट, राष्ट्रीय विजेतेपद आणि लीग कप अशी तिन्ही बक्षिसं मारली होती. त्यातली किती पोरं ओल्ड ट्रॅफर्डवर टिकतील आणि किती ताळेबंदात जातील, हे कुठलंच टेबल सांगत नाही. म्हणून या वीकएंडला मोठ्यांचा स्कोअर बघून झाला, की दोन मिनिटं खालच्या संघाच्या नावांवरूनही नजर फिरवा. एखादं नाव लक्षात ठेवा. पाच वर्षांनी ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ म्हणायची मजा काही औरच असते!