प्रिंटरमध्यें कागद कां अडतो?

कचेरींतील प्रिंटर अडला, म्हणजे कोणी त्याचें झाकण आपटतो, तर कोणी अडकलेला ताव हिसकून ओढतो. आणि जो दोष पांच मिनिटांत निघाला असता, त्याचें रूपांतर खर्चाच्या दुरुस्तींत होतें. वस्तुतः कागद आंत घेण्याची क्रिया घर्षणाच्या एका साध्या क्रमावर अवलंबून असते.

सामान्य प्रिंटरच्या ट्रेमधील थप्पीवर एक रबरी रूळ फिरतो व वरचा ताव पुढें ढकलतो. त्याच्यासमोर बसविलेली घर्षणपट्टी दुसऱ्या तावास मागें रोखून धरते. रुळाची कागदावरील पकड सर्वांत अधिक, पट्टीची तिच्याहून कमी, आणि तावातावांमधील घर्षण सर्वांत अल्प, हा क्रम टिकला कीं एका वेळीं एकच ताव आंत जातो.

रूळ फिरत असूनहि ताव हालत नसेल, तर पहिली पकड सुटली असें समजावें. कागदाची धूळ बसून रबर गुळगुळीत झालेलें असतें. वीज बंद करून, धागे न सोडणाऱ्या किंचित् ओल्या फडक्यानें रूळ पुसावा. तरीहि गुण न आल्यास तो झिजला आहे, बदलणेंच इष्ट.

दोन-तीन ताव एकदम जात असतील, तर पट्टी झिजली आहे किंवा ताव परस्परांस चिकटले आहेत. कागद हवेंतील ओलावा शोषतो, आणि मुंबईच्या जुलै महिन्यांत सापेक्ष आर्द्रता पुष्कळदां ८० टक्क्यांहून अधिक असते. म्हणून ५०० तावांची रीम वेष्टनांतच ठेवावी, लागेल तेवढाच कागद काढावा, आणि तो फुलवून ट्रेमध्यें घालावा. मात्र ट्रेवरील कमाल उंचीची खूण ओलांडूं नये.

ताव तिरका जात असल्यास ट्रेमधील बाजूच्या पट्ट्या तपासाव्या. त्या थप्पीस टेकलेल्या असाव्या, आवळलेल्या नसाव्या.

अडकलेला ताव मात्र नेहमीं दोन्ही हातांनीं, सावकाश, आणि शक्य तोंवर कागदाच्या चालीच्याच दिशेनें काढावा. फाटलेला इवलासा तुकडा आंत राहिला, तरी कागदाची चाहूल घेणारा सेन्सर त्यालाच ताव समजून यंत्र थांबवितो. लेसर प्रिंटरमध्यें शाईची भुकटी वितळविणारा भाग सुमारें २०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. तो निवूं द्यावा, मगच हात घालावा.

सारांश, ताव कोठें व कसा अडला हें आधीं पाहावें. दोष बहुधा तेथेंच आपलें नांव सांगतो.