दौलताबादचे पाणी गाण्यात का नाही?

महाडचे पाणी आमच्या घराघरांत आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि जलसाकारांनी ते गावोगाव पोहोचवले. आमच्या मायमाउल्यांना अक्षर येत नव्हते, पण तळे पाठ होते. ओंजळ धरलेले बाबासाहेब आजही वस्तीच्या भिंतीवर रंगवले जातात.

मग दौलताबादचे पाणी कुठे गेले?

1934 साल. सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेले छोटे तळे होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथे हातपाय, तोंड धुतले. दरवाजात पोहोचतात तोच एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा मुसलमान तळे बाटल्याची ओरड करीत आला. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी खडसावून विचारले, हेच तुमचा धर्म शिकवतो काय? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला अडवाल काय? कोणाला उत्तर सुचले नाही. शेवटी किल्ला पाहायला मिळाला, पण पाण्याला कुठेही न शिवण्याच्या अटीवर आणि पाळतीला सशस्त्र शिपाई देऊन! खंदकाने वेढलेल्या, हत्ती हौदासारखा प्रचंड हौद पोटात असलेल्या किल्ल्यात हा पहारा.

हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. तरी आमचे काही मित्र दलित-मुस्लिम ऐक्याला तडा जाईल म्हणून ते टाळतात. दुसरीकडे, ज्यांच्या पूर्वजांनी चवदार तळे गोमूत्राने 'शुद्ध' केले, ते हाच प्रसंग मुसलमानांविरुद्ध हत्यार म्हणून वापरतात. दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात. त्याच लिखाणात बडोद्याच्या पारशी वसतिगृहातून काठ्या दाखवून हाकलल्याची हकिकतही आहे. जातीचे विष हिंदू धर्माच्या वेशीवर थांबले नाही, ते शेजारच्या घरांतही झिरपले, हे बाबासाहेब दाखवीत होते.

परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 2011 च्या 'भीमायन'मध्ये या आठवणी चित्रांतून सांगितल्या. त्यात दुखावणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी आहे. मध्य प्रदेशातल्या आदिवासी कलावंतांना जे जमले, ते मराठवाड्याच्या शाहिरांना अवघड नाही.

वेरूळला जाणाऱ्या आमच्या बसगाड्या दौलताबादला थांबतात. पोरे मेंढा तोफ पाहतात, चांदमिनारापुढे फोटो काढतात. पुढच्या खेपेला कोणीतरी डफ सोबत घ्यावा, आणि आत शिरण्यापूर्वी दरवाजाबाहेरच तो वाजवावा.