लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत सोबत पाणी किती न्यावे?

पुण्याहून महाबळेश्वर, मुंबईहून नाशिक किंवा कोकण किनाऱ्याने थेट वेंगुर्ल्यापर्यंत, अशा सायकलफेऱ्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. निघण्याआधी जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, दिवे यांची तयारी बहुतेक जण नीट करतात. पाण्याच्या बाबतीत मात्र ‘दोन बाटल्या आहेत, वाटेत मिळेलच’ एवढाच विचार होतो. सपाट हमरस्त्यावर तो खपूनही जातो. घाटात, भर दुपारी किंवा रात्री हॉटेले बंद झाल्यावर तोच अंगाशी येतो. मग सोबत नेमके किती पाणी हवे, हे ठरवायचे कसे?

एवढा घाम का येतो?

सायकल चालवताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम २० ते २५ टक्के भाग पेडल फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. समजा, एखादा सायकलस्वार तासाला ६०० किलोकॅलरी खर्च करतो आहे. त्यातल्या सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णतेच्या रूपात शरीराबाहेर टाकाव्या लागतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ घामावर भिस्त असेल, तर तासाला पाऊण लिटरहून थोडा जास्त घाम लागतो. वाऱ्यामुळेही अंग थोडे निवते, पण हवाच तापलेली असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

यात ‘वाळला तर’ ही अट महत्त्वाची आहे. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळण्याऐवजी टपटप गळतो. गळलेला घाम अंग थंड करत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढते. मराठवाडा-विदर्भातल्या कोरड्या उन्हात नेमके उलटे होते. घाम येताक्षणी वाळतो, कपडे कोरडेच राहतात आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. जर्सीवर पांढरे मिठाचे डाग दिसू लागतात, तेव्हा ते लक्षात येते.

आपली गरज कशी मोजायची?

घामाचे प्रमाण माणसागणिक बदलते. कुणाचा तासाला अर्धा लिटर जातो, तर कुणाचा दीड लिटर. स्वतःचा आकडा काढायला घरचा वजनकाटा पुरतो. लघवीला जाऊन आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. नेहमीच्या वेगाने तासभर सायकल चालवावी आणि या वेळात किती पाणी प्यायले ते लक्षात ठेवावे. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा वजन करावे. वजन ७० किलोवरून ६९.६ किलो झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले असेल, तर घाम गेला ०.९ लिटर. ही चाचणी ज्या हवामानात फेरी करायची आहे तशाच हवामानात करावी. डिसेंबरच्या पहाटेचा आकडा एप्रिलच्या दुपारी चालत नाही.

गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढण्याची गरज नसते. पाणी कमी पडल्याने होणारी घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत राहावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. ७० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा १.४ किलो. पाच तासांच्या फेरीत त्याचा ४.५ लिटर घाम गेला, तर किमान ३.१ लिटर पाणी पोटात जायला हवे. म्हणजे तासाला सुमारे ६२० मिलिलिटर.

किलोमीटर मोजायचे की तास?

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ‘शंभर किलोमीटरला किती पाणी’ हा प्रश्नच अपुरा आहे, कारण घाम अंतरावर नाही, वेळेवर जातो. शिवाय फेरीचे सगळे पाणी एकदम वाहून न्यायचे नसते. पाणी भरण्याच्या पुढच्या खात्रीच्या ठिकाणापर्यंत ते पुरले म्हणजे झाले. म्हणून सूत्र असे: तासाची गरज गुणिले पुढच्या पाण्यापर्यंतचे तास, अधिक अर्धा लिटर राखीव.

७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. त्यातले अर्धा लिटर राखीव ठेवले, तर वरच्या सायकलस्वाराला उरलेले एक लिटर सुमारे दीड तास पुरेल. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात ३० किलोमीटर होतात. घाटात वेग ताशी आठवर आला, की त्याच पाण्यात जेमतेम १२ किलोमीटर.

वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाटाचा रस्ता साधारण एवढाच, सुमारे १२ किलोमीटरचा आहे. पुण्याहून सुरूर फाट्यापर्यंत महामार्गावर जागोजागी हॉटेले असल्याने एकाच बाटलीवरही निभावते. पण वाई सोडताना दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या असाव्यात. हा टप्पा दुपारी येणार असेल, तर तिसरीही हवी.

‘खात्रीचे ठिकाण’ हेही वेळेनुसार ठरते. सकाळी आठला उघडणारी टपरी पहाटे पाचला निघालेल्याच्या कामाची नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायच्या ब्रेव्हे फेऱ्यांमध्ये तर संध्याकाळी शेवटचे हॉटेल बंद होण्याआधी रात्रीचे पाणी भरून घ्यावे लागते.

पाण्याच्या वजनाचे काय?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे. चढावर ते नको वाटते, म्हणून काही जण घाटाखाली बाटली अर्धी ओततात. सायकल, सामान आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर एका किलोने वजन सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वाढते. दीड तासाच्या चढाला त्यामुळे जेमतेम एक मिनिट जास्त लागते. पाणी संपल्यावर सावलीत बसून काढावा लागणारा वेळ याच्या कितीतरी पट असतो.

पाणी ठेवायचे कुठे?

पहिली पसंती फ्रेमच्या तिरक्या आणि उभ्या नळीवरच्या बॉटल केजना. वजन खाली आणि मधोमध राहिले, की तोल बिघडत नाही. काही फ्रेमना तिरक्या नळीच्या खालच्या बाजूलाही केजसाठी भोके असतात. पण तिथली बाटली चिखलाने माखते, म्हणून तिच्यात फक्त राखीव पाणी ठेवावे. सीटमागे लावलेल्या केजमधून खड्ड्यात बाटली उडून पडण्याची भीती असते. तिथे रबरी पट्टा हवाच. दुकानातली सीलबंद बाटली केजमध्ये घट्ट बसतेच असे नाही. निघण्याआधी केजचे स्क्रूही आवळून घ्यावेत.

पाठीवरच्या हायड्रेशन बॅगेत दोन-तीन लिटर पाणी मावते आणि नळीतून चालता चालता पिता येते. मात्र पाठीला वारा लागत नाही आणि खांद्यांवर भार येतो. शिवाय पाणी किती उरले ते दिसत नाही.

बाटलीवर ओला सुती मोजा चढवला, तर माठाच्याच तत्त्वाने पाणी गार राहते. कोरड्या हवेत याचा गुण चांगला येतो, दमट हवेत कमी.

नुसते पाणी पुरते का?

तास-दीड तासाच्या फेरीला पुरते. त्याहून मोठ्या फेरीत मीठही लागते, कारण घामातून सोडियम जाते. तासन्‌तास फक्त साधे पाणी आणि तेही गरजेपेक्षा जास्त प्यायल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच भासतात. त्यावर आणखी पाणी पाजणे घातक ठरू शकते. फेरीनंतर वजन वाढलेले दिसले, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

म्हणून एका बाटलीत साधे पाणी आणि दुसरीत जलसंजीवनी ठेवणे सोयीचे. घरी करायची झाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण चमच्याने मोजूनच घ्यावे. साखर आणि मीठ एकत्र असले, की आतड्यातून पाणी लवकर शोषले जाते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबतही चालते. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

केव्हा थांबावे?

दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट ही सवय उत्तम. एकदम लिटरभर पाणी ढोसले तर ते पोटात डचमळत राहते. लघवी गडद पिवळी होणे, चक्कर, पायात गोळे येणे ही सावध होण्याची वेळ. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे अंग तापले, तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. राखीव अर्धा लिटर अशा वेळी पिण्याइतकाच अंगावर ओतायलाही कामी येतो.