गुरं त्यांची, पण गवत कोणाचं? नेवाडातल्या दोन रँचची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोललो तेच आहे, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलेत.

सुरुवात एका फॉरवर्डपासून करतो. मध्यंतरी माझ्या फोनवर एक जुना व्हिडिओ आला. अमेरिकेतलं वाळवंट, घोड्यांवर बसलेले हॅटवाले लोक, हातात झेंडे आणि समोर बंदुका घेतलेले सरकारी अधिकारी. खाली लिहिलं होतं की, सरकारने एका शेतकऱ्याची गुरं उचलून नेली आणि लोकांनी ती सोडवून आणली. मला एकदम भारी वाटलं. मी तो दहा जणांना पाठवला, त्यात गावाकडच्या मामांनाही. मामांच्या गोठ्यात चार गाई आहेत, म्हटलं त्यांना आवडेल.

संध्याकाळी मामांचा फोन. "बघितला रे व्हिडिओ. गुरं त्याची, ते ठीक आहे. पण चरत होती ती जमीन कोणाची?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचायला बसलो तेव्हा कळलं की अख्खं भांडण याच एका प्रश्नाचं आहे. तर आजचा भाग मामांच्या प्रश्नावर.

एवढी जमीन सरकारकडे आली कशी?

अमेरिका म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे सगळंच खाजगी. पण देशाची साधारण २८ टक्के जमीन, म्हणजे सुमारे ६४ कोटी एकर, केंद्र सरकारच्या मालकीची आहे. आणि ती सारखी पसरलेली नाही. पूर्वेकडच्या बऱ्याच राज्यांत अगदी किरकोळ, पण पश्चिमेच्या नेवाडा राज्यात तब्बल ८० टक्के!

याचं कारण पावसात आहे. १८६२ साली होमस्टेड कायदा आला. सरकारी जमिनीवर राहायला जा, पाच वर्षं कसा, १६० एकर तुमची. जिथे पाऊस बरा, तिथे १६० एकरांत घर चालायचं. पण नेवाडासारख्या कोरड्या मुलखात एवढ्याशा जागेत गुरांचा छोटा कळपसुद्धा जगत नाही. जॉन वेस्ली पॉवेल या शोधकर्त्याने १८७८ सालच्या अहवालातच सांगून टाकलं होतं की, इथे गुरं पाळायची तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील. कोणी ऐकलं नाही.

मग लोकांनी काय केलं? जिथे झरा किंवा ओढा आहे तेवढाच तुकडा नावावर करून घेतला आणि गुरं सोडली आजूबाजूच्या मोकळ्या सरकारी माळावर. ना भाडं, ना परवाना. जो आधी पोचेल त्याचं गवत. व्हायचं तेच झालं. गुरं वाढत गेली आणि गवत संपत गेलं. त्यात १९३० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला आणि धुळीची वादळं उठली. शेवटी १९३४ साली टेलर चराई कायदा झाला. त्यानंतर सरकारी माळावर गुरं सोडायची तर परवाना हवा आणि चराई फी भरायला हवी. १९४६ साली ही जमीन सांभाळण्यासाठी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं तयार झालं. पुढे मी त्याला नुसतं बीएलएम म्हणतो. आज या खात्याकडे जवळपास साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे.

परवाना म्हणजे मालकी नाही

आता रँचरची बाजू ऐका, कारण तीही खरी आहे.

परवाना साधारण दहा वर्षांचा असतो आणि तो रँचरच्या स्वतःच्या जमिनीला किंवा पाण्याला जोडलेला असतो. रँच विकली की परवाना सहसा नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे रँचची किंमत ठरवताना परवान्यालाही भाव येतो आणि बँका कर्ज देतानाही तो बघतात. आजोबांनी तिथे कुंपण घातलं, वडिलांनी पाण्याची टाकी बसवली. तीन पिढ्या एकाच माळावर गेल्या की माणूस त्याला 'आमचा माळ' म्हणणारच.

पण कायदा म्हणतो, तुमचा नाही. १९११ साली कोलोरॅडोच्या एका रँचरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की, सरकारने इतकी वर्षं चरू दिलं म्हणून चरण्याचा हक्क तयार होत नाही. १९७६ साली संसदेने आणखी एक कायदा केला. उरलेली सरकारी जमीन आता शक्यतो वाटायची नाही, ती केंद्राकडेच राहील, आणि तिचा वापर फक्त गुरांसाठी नाही, वन्यजीव, पाणी, सहली, खाणी या सगळ्यांचा विचार करून होईल. रँचर भडकले. १९७९ साली नेवाडाच्या विधिमंडळाने तर बीएलएमची जमीन राज्याची आहे असा कायदाच करून टाकला. वाळवंटात उगवणाऱ्या सेजब्रश या झुडपावरून त्या चळवळीला 'सेजब्रश बंड' नाव पडलं. जमीन मात्र केंद्राकडेच राहिली.

आणि फी किती? २०१४ साली एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारायचे १.३५ डॉलर. त्या वेळच्या हिशोबाने साधारण ८० रुपये. खाजगी माळावर याच्या कितीतरी पट पैसे पडतात. म्हणजे भांडण फीच्या आकड्याचं नव्हतं, ती कोणाला आणि का द्यायची याचं होतं.

पहिली रँच: क्लाइव्हन बंडी

व्हिडिओतला शेतकरी हाच. लास वेगासपासून साधारण १३० किलोमीटरवर बंकरव्हिल नावाचं गाव आहे, तिथे त्याची रँच.

१९९० च्या सुमारास तिथल्या वाळवंटी कासवाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. त्याच्यासाठी बीएलएमने त्या भागातल्या चराईवर बंधनं आणली. आजूबाजूच्या रँचरनी परवाने विकले आणि ते बाजूला झाले. बंडीने मात्र १९९३ पासून फी भरणंच बंद केलं आणि गुरं चरत ठेवली. त्याचं म्हणणं असं की, ही जमीन केंद्राची नाहीच, नेवाडा राज्याची आहे, आणि आमचं घराणं इथे १८७७ पासून आहे.

न्यायालयाने हे मानलं नाही. न्यायालयाच्या नोंदीप्रमाणे बंडी आणि त्याचे वडील या सरकारी माळावर गुरं चारत होते ते १९५४ पासून. आणि नेवाडा १८६४ साली राज्य झालं तेव्हा त्याने आपल्या राज्यघटनेतच लिहून दिलं होतं की, कोणाच्या नावावर नसलेल्या जमिनीवर आमचा दावा नाही. १९९८ साली गुरं हटवायचा आदेश निघाला. २०१३ साली पुन्हा निघाला. तोवर थकबाकी आणि दंड मिळून रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली होती.

एप्रिल २०१४ मध्ये बीएलएमने गुरं गोळा करायला घेतली. सुमारे ४०० गुरं पकडली. ही बातमी आणि व्हिडिओ पसरले तसे ठिकठिकाणचे लोक जमले, कितीतरी जण बंदुका घेऊन. १२ एप्रिलला काही जण हायवेच्या पुलावरून अधिकाऱ्यांवर नेम धरून बसले होते. एक गोळी सुटली असती तर किती मेले असते, सांगता येत नाही. शेवटी बीएलएमने माघार घेतली आणि गुरं सोडून दिली. माझ्या फोनवर आलेला व्हिडिओ इथेच संपत होता.

पुढे खटला उभा राहिला, पण जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला. इथे लक्ष द्या, कारण यावर खूप खोट्या पोस्ट फिरतात. 'जमीन बंडीची आहे' असं न्यायालयाने कधीच म्हटलं नाही. सरकारी वकिलांनी बचाव पक्षाला द्यायचे पुरावे दडवले, म्हणून खटला रद्द झाला. चूक सरकारचीच होती, पण तिच्यामुळे जमिनीचा निकाल बदलला नाही.

दुसरी रँच: डॅन बहिणी

हे सगळं वाचून मी मामांना उत्तर द्यायला फोन उचलणार होतो की, "जमीन सरकारची." तेवढ्यात दुसरं नाव दिसलं. राज्य तेच, नेवाडा. खातं तेच, बीएलएम. गुन्हाही तोच, परवान्याशिवाय गुरं चारणं.

मेरी आणि कॅरी डॅन. दोघी बहिणी, क्रेसेंट व्हॅलीतल्या रँचर आणि वेस्टर्न शोशोनी या आदिवासी समाजाच्या. १९७४ साली सरकारने त्यांच्यावर खटला भरला. त्यांचं उत्तर असं होतं की, ही जमीन आमच्या लोकांनी अमेरिकेला कधी दिलीच नाही, मग तिच्यावर चरायला परवाना कसला मागता?

आणि त्यांच्याकडे दाखवायला कागद होता. १८६३ सालचा रूबी व्हॅलीचा करार. त्यात शोशोनींनी अमेरिकेला रस्ता, तार, रेल्वे, खाणी आणि वस्तीची मोकळीक दिली होती. जमीन देऊन टाकल्याचं त्यात कुठे नव्हतं.

मग जमीन गेली कशी? एका सरकारी आयोगाने ठरवलं की, गोरे लोक हळूहळू वसत गेले त्यातच शोशोनींचा हक्क संपला. त्याची भरपाई १८७२ सालच्या दराने काढली, साधारण २.६ कोटी डॉलर. एकरी पडतो जेमतेम एक डॉलर. शोशोनींमधल्या अनेकांनी सांगितलं की आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी. मग सरकारने काय केलं, तर १९७९ साली ती रक्कम सरकारच्याच तिजोरीत शोशोनींच्या नावाने जमा केली. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, पैसे खात्यात जमा झाले तेव्हाच ते 'मिळाले' असं धरायचं.

हे मी दोनदा वाचलं. म्हणजे समजा, तुम्ही घर विकायला नाही म्हणालात. समोरच्याने त्याच्याच बँकेत तुमच्या नावाने खातं उघडलं, त्यात पैसे टाकले आणि सांगितलं, झाला व्यवहार!

बहिणी हटल्या नाहीत. त्या आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे गेल्या. त्या आयोगाने २००२ साली म्हटलं की, अमेरिकेने त्यांच्या मालमत्तेच्या हक्काला इतरांच्या बरोबरीने संरक्षण दिलं नाही. अमेरिकेने ते मानलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बीएलएमने त्यांची दोनशेहून अधिक गुरं उचलली आणि विकली. पुलावर नेम धरून बसायला कोणी आलं नाही. आपल्यापैकी कोणाच्या फोनवर तो व्हिडिओ आलाही नाही. मेरी २००५ साली गेल्या, कॅरी २०२१ साली.

मग जमीन कोणाची?

जानेवारी २०१६ मध्ये बंडीच्या मुलांनी आणि साथीदारांनी ऑरेगॉन राज्यातल्या मॅलूर वन्यजीव अभयारण्याची कार्यालयं ४१ दिवस ताब्यात ठेवली. पोलिसांच्या गोळीने त्यांच्यातला एक जण मारला गेला. त्यांची मागणी होती की, जमीन मूळ मालकांना, म्हणजे रँचरना, परत द्या.

ही जागा पायूट लोकांच्या मुलखातली. १८७२ साली त्यांच्यासाठी तिथे मोठी राखीव जमीन ठरवली होती. १८७८ च्या युद्धानंतर भर हिवाळ्यात त्यांना चालवत शेकडो किलोमीटर दूर वॉशिंग्टन प्रदेशात नेलं आणि ती जमीन वस्तीसाठी खुली केली. २०१६ साली बर्न्स पायूट जमातीने ताबा घेणाऱ्यांचा उघड निषेध केला. मूळ मालक शब्द वापरायचाच असेल, तर निदान आमच्यापासून सुरुवात करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

आता माझं मत. रँचरचा राग मला कळतो. दूरच्या ऑफिसात कोणी सही करतं आणि इथे एका कुटुंबाचा कळप निम्मा होतो, हे सोपं नाही. सरकार चुकतं, पुरावेही दडवतं. पण 'आम्ही खूप वर्षं इथे आहोत' हेच कारण असेल, तर ते सगळ्यांना लागू करायला हवं. ते १८७७ पाशी थांबवून चालणार नाही. आणि कायदा सगळ्यांना सारखा असेल, तर बंदुका घेऊन माणसं आली म्हणून एकाची गुरं परत आणि दोन म्हाताऱ्या बहिणींची विकायला, असंही व्हायला नको होतं.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या गायरानाचं पण असंच आहे बघ. सरकारचं म्हणावं तर गाव भांडतं, गावाचं म्हणावं तर सातबाऱ्यावर सरकार. आणि गावाच्या आधी तिथे कोण मेंढरं बसवत होतं, ते कोणी विचारत नाही."

मंडळी, तुमच्या गावात गायरान असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना एवढंच विचारा की, आधी तिथे कोण चारायचं? उत्तर आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि गुरांचा तो व्हिडिओ आलाच, तर फॉरवर्ड करण्याआधी हा भागही सोबत पाठवा. मी माझ्या दहाही जणांना पाठवलाय.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!